टेहळ्याचा बालवीर कसा झाला?

'स्काऊट' हा शब्द आपल्या हॉस्टेलवर एकदा काढून बघा. पहिली प्रतिक्रिया म्हणजे हसू. खाकी हाफपँट, गळ्यात स्कार्फ, डाव्या हाताने शेकहँड! दुसरी प्रतिक्रिया जास्त व्यवहारी : "त्याचं सर्टिफिकेट कुठे चालतं का गं?" मराठी विभागासाठी एखादा अभ्यासपूर्ण लेख दे असं मला सांगितलं, तेव्हा मी रॉबर्ट बेडन-पॉवेल हा विषय निवडला. तर आमच्या रूमवर त्यावरून चांगलाच वाद झाला. एक म्हणाली, साम्राज्यवादी होता तो, आफ्रिकेत माणसांना गोळ्या घालायला लावल्या त्याने. दुसरी म्हणाली, असेल, पण त्याच्यामुळेच जगभरची पोरं तंबूत राहायला आणि स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायला शिकली. अडचण अशी की दोघींचं खरं आहे.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. ज्या माणसाची चौतीस वर्षं लष्करात, म्हणजे हुकूम देण्यात आणि पाळण्यात गेली, त्याने मुलांसाठी जे काही काढलं त्यात हुकूम इतके कमी कसे? या लेखात त्याचं उत्तर शोधायचा प्रयत्न केलाय. आणि आपण इंजिनिअरिंगवाले, नुसती थिअरी वाचून आपलं पोट भरत नाही. म्हणून शेवटी प्रॅक्टिकलही आहे. ते आहे आमच्या गावाकडचं, धरमतरच्या खाडीवरचं.

आधी शब्दाचं बघू. स्काऊट म्हणजे टेहळ्या. सैन्याच्या पुढे एकटा-दुकटा जाऊन मुलूख बघून येणारा माणूस. महाराष्ट्रात हे काय असतं ते समजावून सांगायला नको, बहिर्जी नाईकांचं नाव आपण चौथीतच ऐकतो. जुन्या मराठीत बॉय स्काऊटला 'बालवीर' म्हणत आणि गर्ल गाईडला 'वीरबाला'. छान शब्द होते, पण त्यात एक गडबड आहे. 'वीर' म्हटलं की तलवार आली. टेहळ्याचं काम तलवारीचं नसतंच, उलट तलवार काढायची वेळ आली तर तो आपल्या कामात नापास झाला असं समजायचं. त्याची हत्यारं म्हणजे डोळे, कान, पाय आणि डोकं.

बेडन-पॉवेलचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, लंडनमधला. वडील ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक, पण मुलगा तीन वर्षांचा असतानाच ते वारले. पूर्ण नाव रॉबर्ट स्टीफन्सन स्मिथ बेडन-पॉवेल. यातलं 'रॉबर्ट स्टीफन्सन' कुठून आलं असेल? रेल्वेवाल्या जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा, स्वतःही मोठा इंजिनिअर, तो याचा धर्मपिता होता! तेव्हा मेकॅनिकलवाल्यांनी हा माणूस आपला समजायला हरकत नाही. पोराला ऑक्सफर्डला काही प्रवेश मिळाला नाही. मग त्याने लष्कराची परीक्षा दिली, त्यात नंबर इतका वर लागला की ट्रेनिंगशिवाय थेट अधिकारी झाला. (मेडिकल हुकली म्हणून इथे आलेल्यांनी धीर धरावा.)

१८७६ च्या डिसेंबरात, एकोणीस वर्षांचा असताना, तो बोटीने मुंबईला उतरला. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या आत्ताच्या वयाचा. तेराव्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीत त्याची नेमणूक झाली होती आणि पलटण होती लखनौला. पुढची बरीच वर्षं हिंदुस्थानात गेली. डुकराची घोड्यावरून भाल्याने शिकार करायचा साहेबी खेळ तो इतका चांगला खेळायचा की १८८३ साली त्यातला 'कादिर कप' त्याने जिंकला आणि पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. मला त्यातलं काही कौतुक नाही. पण त्या खेळात घोड्यावरून जमीन वाचावी लागते : गवत कुठे दबलंय, खड्डा कुठे आहे, जनावर कुठून वळेल. ही सवय त्याला पुढे कामाला आली.

खरी गंमत मीरतला झाली. १८९७ ते १८९९ या काळात तो तिथे पाचव्या ड्रॅगून गार्ड्सचा प्रमुख होता. त्या काळचा गोरा शिपाई म्हणजे कवायतीचं यंत्र. ओळीत उभा राहील, सांगितल्यावर गोळी झाडेल, पण रात्री एकट्याला रानात सोडला तर हरवेल. बेडन-पॉवेलने यातल्या निवडक शिपायांना टेहळणीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. लहान लहान गट केले. माग काढणे, नकाशा करणे, ताऱ्यांवरून दिशा ओळखणे, जे पाहिलं ते नेमकं सांगणे. आणि मुख्य म्हणजे एकट्याने जाऊन, कोणाला न विचारता, स्वतः ठरवून परत येणे. जे पास झाले त्यांना दंडावर लावायला एक चिन्ह दिलं, होकायंत्रात उत्तर दाखवणाऱ्या बाणाच्या टोकाचं. आज जगभरच्या स्काऊटांच्या बिल्ल्यावर जी तीन पाकळ्यांची खूण दिसते, तिची सुरुवात ही अशी आपल्या मीरतच्या छावणीतली आहे. शाळेत आम्हाला हे कोणीच सांगितलं नव्हतं. फक्त तीन पाकळ्या म्हणजे वचनाचे तीन भाग, एवढं पाठ करून घेतलं.

मीरतच्या या शिकवण्यावरून त्याने शिपायांसाठी 'एड्स टू स्काऊटिंग' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. ते १८९९ साली छापून आलं तेव्हा लेखक दक्षिण आफ्रिकेत माफेकिंग नावाच्या गावात अडकून पडला होता.

माफेकिंगचा वेढा १३ ऑक्टोबर १८९९ ते १७ मे १९००, तब्बल २१७ दिवस चालला. बोअर लोक बाहेर, इंग्रज आत. बाहेरच्यांची संख्या सुरुवातीला आतल्यांच्या कितीतरी पट. या वेढ्यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल, पण इंजिनिअरिंगच्या मासिकात दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक म्हणजे खोटे सुरुंग. बेडन-पॉवेलने गावाभोवती पेट्या पुरल्या, लोकांना 'सांभाळून चाला' असं बजावलं, एखादा स्फोटही करून दाखवला. बाकीच्या पेट्यांत निव्वळ वाळू! काटेरी तार नव्हती, तर शिपायांना खांबांच्या मधून पाय उचलून उचलून चालायला लावलं. दुर्बिणीतून बघणाऱ्याला तार दिसणार नाहीच, पण पाय उचललेले दिसणार. आणि दुसरी म्हणजे रेल्वेच्या वर्कशॉपमधली तोफ. वाफेच्या पाइपापासून नळी करून तिथल्या कारागिरांनी चक्क एक तोफ तयार केली, नाव ठेवलं 'वुल्फ'. बिस्किटांच्या डब्यांचे पत्रे आणि ॲसिटिलीन वायू वापरून सर्चलाईट केला, तोही तिथेच. आपल्या वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षी चौकोनी तुकडा घासता घासता ज्यांचे हात गेले, त्यांनी कल्पना करावी.

पण चळवळीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तिसरी. माणसं कमी पडायला लागली, तेव्हा गावातल्या मुलांची एक तुकडी केली. लॉर्ड एडवर्ड सेसिल या अधिकाऱ्याने ती उभी केली आणि वॉर्नर गुडइयर नावाचा मुलगा तिचा म्होरक्या होता. निरोप पोचवणे, पहारा, दवाखान्यातली मदत अशी कामं ही पोरं करत. आधी गाढवांवरून, मग सायकलवरून. वेढ्याच्या काळात गावापुरती जी पोस्टाची तिकिटं छापली त्यातल्या एकावर सायकलवर बसलेला हा गुडइयरच आहे. मुलांना खरं काम दिलं, जबाबदारी दिली तर ती मोठ्यांइतकी भरवशाची होतात, हे बेडन-पॉवेलने इथे पाहिलं.

वेढा उठला आणि इंग्लंडमध्ये तो एकदम हिरो झाला. परत आल्यावर बघतो तर काय, शिपायांसाठी लिहिलेलं त्याचं पुस्तक शाळांतले मास्तर आणि बाई मुलांना शिकवायला वापरतायत! त्याच सुमारास इंग्लंडात दुसरी एक काळजी चालू होती. बोअर युद्धासाठी भरतीला आलेले शहरातले कितीतरी तरुण शरीराने इतके कमकुवत निघाले की त्यांना परत पाठवावं लागलं. साम्राज्य टिकायचं कसं, अशी ती काळजी. म्हणजे चळवळीच्या मुळाशी निव्वळ मुलांचं भलं होतं असं म्हणता येत नाही, साम्राज्याचा स्वार्थही होता. हे लपवण्यात अर्थ नाही.

'बॉईज ब्रिगेड' या संस्थेच्या विल्यम स्मिथने त्याला सुचवलं की हेच पुस्तक मुलांसाठी लिहा. अमेरिकेत अर्नेस्ट थॉम्पसन सेटन १९०२ पासून मुलांना रानातले खेळ शिकवत होता, त्याच्याकडूनही बेडन-पॉवेलने भरपूर उचललं. आपल्याला पुरेसं श्रेय मिळालं नाही याचं सेटनला वाईट वाटत राहिलं. मला विचाराल तर सेटनचं बरोबर होतं. असो.

ऑगस्ट १९०७. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउन्सी नावाचं बेट. साधारण वीस मुलं, आठवडाभराचा तळ. निम्मी मुलं श्रीमंतांच्या निवासी शाळांतली, निम्मी आसपासच्या गावांतल्या साध्या घरांतली. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन प्रकारची मुलं एका पंगतीला बसणं म्हणजे आपल्याकडे... जाऊ दे, तुम्हाला कळलं. चार गट केले : लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू. यातला कर्ल्यू म्हणजे लांब, खाली वाकलेल्या चोचीचा पाणथळीतला पक्षी. हिवाळ्यात तो आपल्या खाड्यांच्या चिखलातही चरताना दिसतो, फक्त आपण त्याला बघत नाही. सकाळी उठवायला आफ्रिकेतल्या कुडू हरणाचं शिंग फुंकायचं. दिवसभर गाठी, माग काढणे, होड्या, शेकोटी, प्रथमोपचार. रात्री एकेका गटाने आळीपाळीने एकटं राहून पहारा द्यायचा.

इथेच माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. लष्करी माणसाने मुलांसाठी काही काढलं असतं तर आपण काय अपेक्षा केली असती? कवायत, लाकडी बंदुका, सलामी. तशा संस्था तेव्हा इंग्लंडमध्ये होत्याच. बेडन-पॉवेलने लष्करातली सगळ्यात कमी लष्करी गोष्ट उचलली. टेहळ्या हा एकटाच असा शिपाई, ज्याला मागून कोणी हुकूम देऊ शकत नाही, कारण हुकूम देणारा चार मैल मागे असतो. त्याला स्वतःच बघावं लागतं, स्वतःच ठरवावं लागतं आणि परत येऊन खरं सांगावं लागतं. शत्रू काढून टाकला तरी हे शिक्षण जसंच्या तसं शिल्लक राहतं. मुलूख उरतो, वारा उरतो, भूक उरते, बरोबरचे पाच-सहा जण उरतात.

या पाच-सहा जणांनाच 'पॅट्रोल' म्हणतात, आपल्याकडे संघ किंवा टोळी. सहा ते आठ मुलं, त्यांचा नायक त्यांच्याच वयाचा. नायकाला खरी सत्ता : कुठे तंबू लावायचा, कोण भांडी घासणार, वाट चुकली तर मागे फिरायचं की पुढे जायचं. मोठ्या माणसाने, म्हणजे स्काऊटमास्तरने, गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड! भात करपतोय हे दिसतंय आणि तरी बोलायचं नाही, कारण करपलेला भात जे शिकवतो ते सरांनी सांगून येत नाही. आपल्या प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये चार जणांत एक काम करतो आणि तिघं स्पायरल बाइंडिंगच्या दिवशी उगवतात. पॅट्रोलमध्ये हे जमत नाही, कारण पाणी आणणाऱ्याने पाणी आणलं नाही तर त्या रात्री सगळेच उपाशी, आणि का उपाशी ते सगळ्यांना माहीत.

१९०८ च्या जानेवारीपासून 'स्काऊटिंग फॉर बॉईज' पंधरा दिवसांनी एक असं सहा भागांत निघालं, किंमत प्रत्येकी चार पेन्स. झालं असं की मुलांनी ते विकत घेतलं आणि कोणाची वाट न बघता आपापले गट काढून मोकळी झाली. संघटना मागाहून आली. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला हजारो स्काऊट जमले, तेव्हा त्यात काही मुलीही स्काऊटचा वेष करून हजर. आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या! मग १९१० साली बहीण ॲग्नेसच्या मदतीने गर्ल गाईड सुरू झालं. म्हणजे आमची शाखा कोणी उदार होऊन काढलेली नाही, त्या मुलींनी दारात उभं राहून ती काढायला लावली. त्याच वर्षी बेडन-पॉवेल लष्करातून निवृत्त झाला. ८ जानेवारी १९४१ ला केनियात त्याचं निधन झालं.

आता रूममेटच्या आरोपाचं. १८९६ च्या माटाबेले युद्धात उविनी नावाच्या पकडलेल्या प्रमुखाला त्याने लष्करी न्यायालय बसवून गोळी घालायला लावली. त्याची चौकशी झाली, त्यातून तो सुटला. माफेकिंगमध्ये धान्य कमी पडलं तेव्हा आतल्या काळ्या लोकांचे हाल गोऱ्यांपेक्षा जास्त झाले. त्यात त्याचा दोष किती यावर इतिहासकार अजून भांडतात. जून २०२० मध्ये इंग्लंडात पूल इथला त्याचा पुतळा लोक पाडतील या भीतीने फळ्यांनी झाकून ठेवला होता. योगायोग बघा, त्याच बोअर युद्धात गांधीजींनी हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक उभारलं होतं, सुमारे अकराशे माणसांचं, जखमींना डोलीतून वाहून नेणारं. एकाच युद्धातून दोन माणसं दोन वेगळे धडे घेऊन बाहेर पडली.

आणि हिंदुस्थान? इथे तर मजाच आहे. १९०९ साली कॅप्टन बेकरने बंगळूरला पहिलं पथक काढलं, पण ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना प्रवेश नाही! का? सरकारला भीती. माग काढायला, निरोप पोचवायला, टोळी चालवायला शिकलेली हिंदी मुलं उद्या काय करतील? या भीतीला माझ्या मते दाद द्यायला हवी, कारण सरकारला चळवळीचं मर्म बरोबर कळलं होतं. स्वतः ठरवायला शिकलेलं पोरगं कोणाच्या कामाचं, ते पोरगंच ठरवतं.

आपल्या लोकांनी वाट पाहिली नाही. ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला हिंदी मुलांसाठी वेगळी संघटना काढली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची बालवीर संघटना उभी केली, ती यात्रेच्या गर्दीत आणि साथीच्या रोगांत काम करायची. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल इथे आला तेव्हा बेझंटबाईंची संघटना त्याच्या संघटनेत सामील झाली. सेवा समिती झाली नाही. अडलं कुठे? वचनात. स्काऊटच्या वचनात राजाशी निष्ठा होती. १९३७ ला दिल्लीच्या मेळाव्यासाठी तो पुन्हा आला आणि त्यानंतर हिंदी लोकांच्या चारित्र्याबद्दल असं काही बोलला की इथले कितीतरी कार्यकर्ते संस्था सोडून गेले. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन स्थापन झाली. मला यातली गंमत अशी वाटते की लोकांनी बेडन-पॉवेलला सोडलं, त्याची पद्धत नाही सोडली. टोळी तीच, गाठी त्याच, शेकोटी तीच. राजा तेवढा वगळला.

स्वातंत्र्यानंतर या सगळ्या संघटना एक करायचं ठरलं. त्यात शिक्षणमंत्री मौलाना आझाद होते, कुंझरू होते, मंगलदास पक्वासा होते आणि आपल्या नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती, पुढे सुप्रीम कोर्टात गेलेले व्हिव्हियन बोसही होते. ७ नोव्हेंबर १९५० ला 'भारत स्काऊट्स' झाली, आणि १९५१ मध्ये गाईडही त्यात आल्या. एन.सी.सी.च्या मुलांसाठी एक खास माहिती : १९४६ मध्ये ज्या समितीच्या अहवालावरून पुढे १९४८ ला एन.सी.सी. सुरू झाली, तिचे अध्यक्षही हेच हृदयनाथ कुंझरू. एकाच माणसाने दोन्ही सांभाळलं, पण दोन्हींची गल्लत केली नाही. सैन्याची तयारी वेगळी आणि टोळी वेगळी, हे त्यांना नीट कळत होतं.

आपल्याला मात्र ते कळेनासं झालंय. मी कॉन्व्हेंटमध्ये गाईड होते. शाळेचं नाव नको. वचन इंग्लिशमध्ये पाठ, बिल्ला चकाचक, दर शनिवारी ग्राउंडवर रांगेत उभं राहून "एक-दो-एक". पाच वर्षांत एकदाही चूल पेटवली नाही, कारण धूर होतो. वहीत मात्र 'आम्ही चूल पेटवली' असं सगळ्यांचं सारख्याच शब्दांत होतं, कारण ते फळ्यावरून उतरवून घेतलेलं. बेडन-पॉवेलने शिपायातलं यंत्र काढून माणूस ठेवला होता. आम्ही माणूस काढून परत यंत्र बसवलं!

खरा स्काऊट मला शाळेबाहेर दिसला, आणि त्याच्याकडे बिल्ला नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. वर जायला फक्त पायवाट, मशिनरी चढवता येईना. तिथे पोचून हाताने उपसायला लागलेल्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखे डोंगर हिंडणारे स्थानिक गट होते. वाट माहीत, दोर माहीत, आपल्यात कोण काय करणार हे आधीच ठरलेलं. त्याआधी जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्यात जो हाहाकार केला, त्याबद्दल आमच्याकडे अजून बोलतात. तीच अंबा पुढे नागोठण्यावरून येऊन धरमतरच्या खाडीला मिळते. रायगड जिल्ह्यात राहणाऱ्याला मुलूख वाचता येणं हा छंद नाही.

तर आता प्रॅक्टिकल.

प्रयोग पहिला : घड्याळ नसताना भरती. 'तर' म्हणजे नावेने पाणी ओलांडायची जागा, हा शब्द आमच्या गावाच्या नावातच आहे. वडखळ-अलिबाग रस्त्यावरून जाताना तुम्ही पुलावरून एका मिनिटात खाडी ओलांडता, एक-दोन बार्ज दिसतात, संपलं. माझे आजोबा खाडीकडे न बघता भरतीची वेळ सांगायचे. सूत्र सोपं : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि पहाटेही. एकादशीला सव्वाआठ. साधारण सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्याचंच हे गणित. समुद्रापासून जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणारच, हा काही मेट्रोचा टाइमटेबल नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. पावसाळ्यात उधाण आणि डोंगरातलं पाणी एकाच वेळी आलं की काय होतं, ते खारभूमीतल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. बांधाला खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन काही वर्षं कामातून जाते.

प्रयोग दुसरा : पाण्यात पाय न घालता खाडीची रुंदी. टेहळ्यांची ही जुनी युक्ती आहे, सर्व्हेइंगच्या सरांनाही आवडेल. पलीकडच्या काठावर एक ठळक झाड निवडा. त्याच्या बरोबर समोर, आपल्या काठावर उभे राहा. तिथून बांधावरून सरळ ६० पावलं चाला आणि एक काठी रोवा. तसेच आणखी ३० पावलं पुढे जा. आता खाडीकडे पाठ करून काटकोनात शेताकडे चालायला लागा, मधून मधून मागे वळून बघा. काठी आणि पलीकडचं झाड एका रेषेत आले की थांबा. या शेवटच्या चालण्याची पावलं दुप्पट केली की खाडीची रुंदी. समजा ९० पावलं भरली, तर रुंदी १८० पावलं. तुमचं पाऊल पाऊण मीटरचं असेल तर १३५ मीटर. समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही. टोटल स्टेशन नको, इश्यू करायला सही नको. फक्त बांधाचा सरळ तुकडा निवडा आणि भात कापून झाल्यावरच शेतात उतरा. आणि एक अट कडक : चिखलात कोणीही पाय घालायचा नाही. खाडीचा चिखल वरून जमिनीसारखा दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो, त्यात भरती चढत असेल तर चेष्टा नाही.

प्रयोग तिसरा हा खेळ आहे. किपलिंगच्या 'किम' कादंबरीत एक पोरगा ताटातली रत्नं क्षणभर बघून ती आठवून सांगायला शिकतो. बेडन-पॉवेलने तोच खेळ घेतला. (किपलिंग जन्माने मुंबईकर, १८६५ चा. त्याच्या 'जंगल बुक'मधूनच पुढे लहान मुलांचे 'कब' निघाले.) आपण ताटाऐवजी बांध घ्यायचा. पाच मिनिटं गप्प बघायचं, मग पाठ फिरवून लिहायचं. उधाणाचं पाणी कुठपर्यंत चढलं होतं, त्याची काडीकचऱ्याची रेघ. तिवराच्या खोडावर चिखल किती वर. वारा कुठून. बार्ज भरलेली की रिकामी, ते पाण्याबाहेर किती आहे त्यावरून. आणि उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं शेताचं पाणी बाहेर सोडायचं दार. ओहोटीला ते आतल्या पाण्याने बाहेरच्या बाजूला उघडतं, भरतीला बाहेरच्या दाबाने आपोआप बंद होतं. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण ज्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतो आणि आकृतीला दोन मार्क मिळतात, तो इथे चिखलात बसलेला आहे. त्याची फळी कुजली की काय होतं हे मात्र पेपरात येत नाही.

स्काऊटिंगमध्ये रोव्हर आणि रेंजर ही शाखा पंचविशीपर्यंतच्या मुलामुलींसाठी असते, त्यामुळे आपलं वय गेलेलं नाही. पण मी आत्ता शाखा काढायचं म्हणत नाहीये. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी मी धरमतरला चालले आहे. सहा-सहा जणांच्या दोन टोळ्या जमल्या तर बरं. नायक टोळीने आपला आपण निवडायचा. डबा आणायचा नाही, तांदूळ आणि कांदे आणायचे. सरांपैकी कोणी आलं तर आनंदच आहे, त्यांच्याकडे फक्त गप्प बसायचं काम राहील. मेसच्या बाहेर कागद लावलाय. नावासमोर त्या दिवशीची तिथी बघून भरतीची वेळ लिहा, कॅलेंडर मेसमध्येच भिंतीवर आहे. कोणाची वेळ बरोबर ते बांधावर बघू.